तीन पाण्यांचा तक्ता

आमच्या खरेदी विभागात खोडरबरांची पेटी घ्यायची असली तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवावी लागत. मग एका लांब कागदावर तिघांचे रकाने आखायचे, दर, मुदत, माल पोचवायचे दिवस समोरासमोर मांडायचे, आणि खाली साहेबांनी कोणाचा माल घ्यावा ते लिहून सही करायची. याला तुलनात्मक तक्ता म्हणत. नियम कंपनीचा होता. सगळे तो पाळत आणि सुटीचा भोंगा झाला की विसरत. तो नियम घरी घेऊन जाणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे खरेदी अधिकारी.

मी चिंचवडच्या त्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. भोसरीहून बस धरून यायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला तीन टाइपरायटरांपुढे पाळीपाळीने बसवलं आणि तिन्हींवर एकच पत्र टाइप करायला लावलं. मग विचारलं, "कुठला हवा?"

मी म्हटलं, "कुठलाही चालेल."

"कुठलाही चालेल म्हणणाऱ्याला नेहमी सर्वांत वाईट मिळतो, बाई. परत बसा."

मी परत बसले आणि लांब कॅरेजचा निवडला. तो चौदा वर्षं माझ्याकडे होता, एकदाही अडला नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी ते बरोबर ठरले, हे कबूल करायला हवं.

उंच, जरा वाकलेले, पँट घोट्याच्या वर, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी. कँटीनच्या वड्याला ती लावून पाहताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. पिंपरीच्या मंडईत मेथीची जुडी तीन ठिकाणी हाताळल्याशिवाय घेत नसत. "आलं बगा मास्तर. आता हुंगत्याल आन् फुडं जात्याल," असं एक भाजीवाली त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते हुंगत, पुढे जात, आणि निम्म्या वेळा तिच्याकडेच परत येत. "दोनातून निवड म्हणजे भांडण," ते म्हणत, "तिनातून निवड म्हणजे विचार."

दुसरं एक वाक्य साऱ्या कारखान्याला पाठ होतं. कुठलीही खरेदी करायची तर ज्या खात्याला वस्तू हवी त्याचा मागणीचा कागद लागे. त्यावर सही मात्र बहुधा वरच्या इंजिनिअरची असे. एकदा एक तरुण इंजिनिअर धापा टाकत आला. "साहेब, लाइन उभी आहे! बेअरिंग आजच्या आज पाहिजे."

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"मशीन तुम्ही चालवता?"

"मी कसा चालवीन? ऑपरेटर चालवतो."

"मग त्याची आणा. ज्याचा हात मशीनवर, त्याची सही कागदावर."

"अहो, तो काय सांगणार? बेअरिंग ते बेअरिंग!"

तो तणतणत गेला आणि ऑपरेटरला घेऊन आला. ऑपरेटरने कागद वाचला आणि म्हणाला, "साहेब, हे मापच चुकलंय." त्यानंतर त्या वाक्यावर कुणी हसायचं ते जरा जपून हसायचं.

आता होडीचं सांगते, कारण लोकांना ते आठवतात ते होडीमुळे.

कारखान्यात परदेशातून एक मोठं प्रेस आलं होतं आणि ते बसवायला कॅनडाचा एक तंत्रज्ञ. सहा महिने राहून परत गेला तेव्हा खोलीत एक जाडजूड मासिक विसरून गेला. ते कसं कोण जाणे, साहेबांच्या हाती लागलं. त्यात अरुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या होड्यांचे फोटो होते. दोन माणसं, एक तंबू, सगळीकडे पाणी आणि झाडी. एका लेखात कुठल्याशा चार रानांची तुलना केली होती: कुठे पाणी शांत, कुठे वारा फार, कुठे लाकडं मिळतात, कुठे डास खातात, होडी खांद्यावर घेऊन किती चालावं लागतं. त्या चार रानांचा नीट तक्ता होता. बास. दुसऱ्या कुठल्या माणसाने फोटो पाहिले असते. आमच्या साहेबांनी तक्ता पाहिला.

त्याच प्रेसच्या खोक्यांचं लाकूड त्यांनी भंगाराच्या लिलावात रीतसर घेतलं. थेरगावला नदीजवळ त्यांचं घर होतं, तेव्हा तिकडे शेतीच होती. अंगणात दोन पावसाळे खपून त्यांनी सोळा फुटी होडी केली. फळ्यांचा सांगाडा, वर ताडपत्री, आणि तिला मशीनला देतात तो हिरवट करडा रंग. आतल्या बाजूला खोक्यावरचे छाप तसेच राहिले होते: एक बाण, एक छत्री आणि एक काचेचा पेला. म्हणजे ही बाजू वर, पाणी लागू देऊ नका, आणि काळजीपूर्वक हाताळा. पाणी लागू देऊ नका असं लिहिलेली होडी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मग पाहणी सुरू झाली. एक रविवार आड साहेब होडी एसटीच्या टपावर चढवून कुठल्या तरी पाण्यावर जायचे. एकदा राजगुरुनगरच्या गाडीत मीही होते, मावशीकडे चालले होते. साहेब भामा नदीचे डोह बघायला निघाले होते. कंडक्टर खाली उतरून टपाकडे बघत उभा.

"ह्याचं लगेज कशात लावू, राव? बकरीचं ठाऊक हाय. सायकलीचं ठाऊक हाय. हे काय हाय?"

"होडी."

"मग पाण्यातनं न्या की! येष्टीत कशापाई?"

"पाणी पुढे आहे."

"आन् नदीला पूर आला, गाडी अडली, तर आमाला बी घ्याल का हिच्यात?"

"दोघांना. तिसरा सामानाच्या जागी बसला तर." साहेबांनी हे इतकं गंभीरपणे सांगितलं, की अख्खी गाडी हसली आणि कंडक्टरने मुकाट्याने सायकलीचं तिकीट फाडलं.

सोमवारी जेवणाच्या सुटीत साहेब माझ्या टेबलाशी येत. स्वतःचा कागद, स्वतःचा कार्बन. कंपनीची टाचणीसुद्धा वापरत नसत. "बाई, वेळ असेल तर." मी डबा उरकून टाइप करी. मुळशी, भाटघर, पवना, खडकवासला, लोणावळ्याकडचे तलाव. रकाने वीसेक. पाण्याचा तळ दिसतो का. दुपारनंतर वारा किती. सरपण. सावली. विंचू. 'चौकशा' असाही एक रकाना होता. त्यात दिवसभरात किती माणसांनी येऊन "कशाला आलात?" विचारलं तो आकडा. खडकवासल्याला रविवारचा आकडा चाळीसवर गेला म्हणून ते पहिल्याच फेरीत बाद. भामेच्या डोहात म्हशी. भाटघर चांगलं, पण दोन गाड्या बदलायच्या आणि दोनदा होडी उतरवायची. मुळशीचं पाणी सर्वांत देखणं, पण दुपारी लाटा उठतात आणि काठ उभा. बहात्तरच्या दुष्काळात तर सगळ्याच रकान्यांत रेघा. पाणीच नव्हतं, तुलना कशाची करणार?

त्यांनी एकदा मला एका गावकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तंबू ठोकताना तो म्हातारा येऊन टेकला.

"मासं धराया आला का?"

"नाही. राहायला."

"राह्याला? का बरं? घर न्हाई का?"

"आहे की, थेरगावला."

म्हाताऱ्याने विचार केला आणि मऊ आवाजात विचारलं, "मंडळींशी भांडण झालं व्हय?"

आमच्या ऑफिसचंही मत तेच होतं. साहेबांची बायको कुणी कधी पाहिली नव्हती. कंपनीच्या हळदीकुंकवाला नाही, स्नेहसंमेलनाला नाही. कजाग असणार, म्हणून हे बिचारे पाण्यावर पळतात, असं ठरून गेलं होतं. मीही ते मान्य केलं होतं. पण टाइप करणाऱ्याला रकाने दिसतात. प्रत्येक तक्त्यात सर्वांत वर एकच बाब असायची आणि तिला दुप्पट गुण: काठाचा उतार, गवत की दगड, आणि पाण्यापासून तंबूपर्यंत पावलं. मुळशी या एका बाबीवर मागे पडत होतं.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही चांगले धडधाकट आहात. चार पावलं जास्त चाललात तर काय बिघडलं?"

"तांत्रिक बाब आहे," ते म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

ती तांत्रिक बाब मला पुढे एका श्रावणात कळली. साहेब तापाने घरी होते आणि एका ऑर्डरवर सही हवी होती, म्हणून मी थेरगावला गेले. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "या, बाई. तुम्हीच टायपिस्टबाई ना?" वहिनी जमिनीवर बसून बसूनच पुढे आल्या. दोन्ही हातांचे तळवे फरशीवर टेकायचे, शरीर उचलायचं, एक हात पुढे सरकायचं. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेलेले. त्या वेगाने मी चालतही नसेन. ओटा त्यांनी फूटभर उंचीचा करून घेतला होता, फडताळ खाली, कड्या खाली. सगळं घर कमरेपासून खाली मांडलेलं. मी चहाला आत गेले आणि दोनदा डोक्याला काहीतरी लागेल म्हणून उगीच वाकले.

चहा पिताना मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "साहेबांनी लग्नाला किती स्थळं पाहिली होती?"

"हे एकच," त्या म्हणाल्या. "मीच विचारलं होतं, म्हटलं आणखी दोन तरी बघा. तर म्हणाले, गरज नाही."

पलंगावरून साहेब म्हणाले, "नियमात बसतं ते. एकच कोटेशन असेल तर कारण लिहायचं असतं."

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"लिहितोय अजून," साहेब म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या दिवशी जाताना त्यांनी मला अंगणापर्यंत येऊन सांगितलं, तापात, शाल पांघरून. लग्नानंतर पहिल्या वर्षी राजगुरुनगरला एका नात्यातल्या लग्नात गेले होते. मांडव वर गच्चीवर होता, जिना चढून जायचा. दोन मेहुण्यांनी वहिनींना खुर्चीसकट उचललं आणि वरात निघाल्यासारखे वर गेले. लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. तेव्हापासून वहिनी कुठे गेल्या नव्हत्या. "होडीत ती आणि मी सारखेच, बाई. होडीत पायांचं काम नाही. प्रश्न फक्त उतरायचा आहे. अशी जागा पाहिजे, की जिथे तिला कुणी उचलायला नको. आपली आपण उतरेल आणि तंबूत जाईल. एकदा तरी तिने बाहेर, मोकळ्यावर राहावं." मासिकातले फोटो त्यांनी वहिनींना दाखवले होते. वहिनींनी ते मासिक उशीखाली ठेवलं होतं, एवढंच.

त्यानंतर मी ते तक्ते जरा कमी चुका करत टाइप केले. बाकी काही फरक पडला नाही.

सहा वर्षं झाली आणि निकाल लागला. पवना. धरण नवं होतं, काठावर वस्ती तुरळक. आत शिरलेली जमिनीची एक जीभ त्यांनी दिवाळीत पाहिली होती. गवत थेट पाण्याला टेकलेलं, उतार जवळजवळ नाही, बारा पावलांवर उंबराचं झाड. चौकशा शून्य. मग होडीला नवा रंग, मग तंबूच्या कापडाची तीन कोटेशनं, मग वर्षअखेरची ऑफिसची कामं. निघायला चैत्र उजाडला. वहिनींना सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला विचारलं. मला पोहता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. "तुम्ही मधे बसायचं," साहेब म्हणाले. "हलायचं नाही. सामानात धरू."

भोसरीचा एक ओळखीचा टेम्पो घेतला. धरणाच्या पलीकडे एका ठिकाणी रस्ता पाण्यात उतरतो, तिथे टेम्पोवाल्याने टेम्पो उलटा लावला. वहिनी फळीवरून सरकत होडीत गेल्या. कुणी हात लावला नाही. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू प्रेस मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं. टेम्पोवाला "उद्या दुपारी येतो" म्हणून गेला.

वहिनी पुढे, साहेब मागे, मी मधे पातेली धरून. वहिनींनी वल्हं हातात घेतलं आणि पाच मिनिटांत कळलं, की होडी त्याच चालवताहेत. आयुष्यभर हातांवर चाललेली बाई. साहेब मागून नुसते दिशा सांगत होते.

"डावीकडे. जरा डावीकडे."

"दिसतंय मला. तुम्ही पाणी उडवू नका."

एकदा त्यांनी वल्हं आडवं ठेवलं आणि हात पाण्यात सोडून बसल्या. पायांशी खोक्यावरचा तो काचेचा पेला होता. त्यावर त्यांनी पाण्याचं भांडं ठेवून दिलं.

तासाभराने ती जीभ आली. उंबर होता. पण तो वर, लांब, टेकाडावर असल्यासारखा. पाणी उतरलं होतं. झाड आणि आम्ही यांच्यामध्ये साठ-सत्तर पावलांचा करडा चिखल. वरच्या बाजूला वाळून भेगाळलेला, आमच्या बाजूला ओला, चकाकणारा.

साहेब होडीत उभे राहिले. होडीत उभं राहायचं नाही हा त्यांचाच पहिला नियम. मेणकापडातून त्यांनी तक्ता काढला आणि वाचायला लागले.

"साहेब," मी म्हटलं, "कागद वाचून चिखल वाळत नाही."

"मुदत संपली," ते पुटपुटले. "दिवाळीतलं कोटेशन." ऑफिसात एक दिवसाने मुदत गेलेला कागद ते परत पाठवायचे. "मुदत बघा, मग किंमत बघा," हे त्यांनी मला शिकवलं. आणि इथे पाच महिन्यांपूर्वीच्या पाण्यावर ते वहिनींना घेऊन आले होते. सहा वर्षांत धरण उन्हाळ्यात कसं दिसतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण उन्हाळ्यात ऊन लागतं आणि ऊन हा रकाना वजा गुणांचा होता.

ते उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय काढला तर दुसरा आणखी खाली.

"मी पाठुंगळी घेतो तुला," ते म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या.

"मग परत जाऊ."

वहिनींनी उंबराकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला कळलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा काय करावं ते न सुचून पातेली घट्ट धरून बसले. टेम्पो उद्या येणार होता. पण प्रश्न टेम्पोचा नव्हता. आज या परत फिरल्या असत्या, तर पुन्हा कधी घराबाहेर निघाल्या नसत्या.

तेवढ्यात बाजूने हाक आली. "आवं, तिकडं न्हाई! हिकडं या! हिकडं बांध हाय!"

उतरलेल्या पाण्यामागे ओल्या गाळात काकडीचे वेल लावलेले होते. त्यांत एक पन्नाशीची बाई पदर कमरेला खोचून उभी होती.

"कसला बांध?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या भाताच्या खाचराचा. खाचार धरनात ग्येलं, पर बांध कुठं जातुय? दगडी हाय. पानी खाली ग्येलं का आमी येतो आपल्या वावरात, गाळात कायबाय लावतो. या अशा, माझ्या हाताच्या सरळ रेषंत."

वहिनींनीच होडी वळवली. साहेब चिखलातच राहिले होते. वीतभर गाळाखाली खरंच काहीतरी कठीण होतं. वहिनींनी हात घालून दाबून पाहिलं, दोनदा. मग बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, लुगड्याचा काष्टा आवळला आणि पाठमोऱ्या बांधावर उतरल्या.

"थांब! थांब, मी येतोय!" साहेब ओरडले.

"सोडा की वो त्यास्नी," ती बाई म्हणाली. "येत्यात त्या. तुमचंच बगा."

तळवे मागे टेकायचे, शरीर उचलायचं, एक हात मागे. गाळ वर यायचा, खालचा दगड लागायचा. दोन ठिकाणी थांबून त्यांनी दम घेतला. एकदा घसरल्या आणि कोपरापर्यंत हात आत गेला. मला वाटतं पाऊण तास गेला असेल, घड्याळ मी पाहिलं नाही. वाळलेल्या जमिनीवर पोचल्यावर त्यांनी मान वर करून पाण्याकडे पाहिलं. कमरेपर्यंत चिखल, कपाळावर चिखल, नाकाच्या शेंड्यावर चिखल. साहेब होते तिथेच, आता मांड्यांपर्यंत.

वहिनी हसायला लागल्या. थांबेचनात. "अहो, आता तुम्हाला कोण उचलणार?"

मी आणि काकडीवाली बाई, दोघींनी मिळून साहेबांना दोरीने ओढून काढलं. चारांत अडकलेले तेच एकटे. एक बूट अजून तिथेच असणार.

उंबराखाली आम्ही बसलो. बाईने काकड्या आणून दिल्या आणि चूल कुठे लावायची ते दाखवलं. साहेब मान खाली घालून पाय पुसत होते.

"सहा वर्षं मी जागा शोधली," ते म्हणाले. "तुला उचलायला लागू नये म्हणून. आणि हे असं."

"मला उचलण्याचं वाईट वाटलं, असं कोण म्हणालं?" वहिनींनी विचारलं.

"राजगुरुनगरला—"

"राजगुरुनगरला मला कुणी विचारलं नाही, हात लावू का म्हणून. त्याचं वाईट वाटलं. मला तो जिना चढता आला असता. माझी मी चढले असते." त्यांनी काकडी मोडली. अर्धी साहेबांपुढे धरली. "आणि तुम्ही सहा वर्षं गावोगावचं पाणी मोजलंत. वारा मोजलात. विंचू मोजलेत. मला एकदा तरी विचारलंत, की चिखल चालेल का?"

साहेबांनी काकडी घेतली, पण खाल्ली नाही. मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते वाक्य इतकी वर्षं पाठ होतं, की तोंडातून गेलंच. "ज्याचा हात मशीनवर, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असतील असं वाटलं. ते फक्त म्हणाले, "हो. सहीच नाही घेतली."

सकाळी मला जाग आली तेव्हा वहिनी तंबूत नव्हत्या. बाहेर येऊन पाहिलं तर होडी पाण्यात, बऱ्याच आत, आणि होडीत त्या एकट्या. आपल्या आपण बांधावरून खाली गेल्या होत्या. गाळावर त्यांच्या तळव्यांच्या ठशांची दुहेरी रांग पाण्यापर्यंत उमटली होती. साहेब काठावर अनवाणी उभे होते. तक्ता खिशात होता, पट्टीही होती. हात लावत नव्हते.

"लांब जाते आहे का हो, बाई?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या," मी म्हटलं आणि चहा ठेवायला गेले.

मी त्यांना संत वगैरे करणार नाही. पुढेही ते कँटीनचा वडा मोजतच राहिले, आणि माझ्या लग्नाच्या वेळी मी एकच मुलगा पाहिला म्हणून तीन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी म्हटलं, "कारण लिहून देते." तेव्हा कुठे हसले. पण पवनेहून आल्यावरच्या सोमवारी त्यांनी मला एक नवा तक्ता टाइप करायला दिला, तो सांगण्यासारखा आहे. तीन जागा: पवना, मुळशी, भाटघर. काठाच्या रकान्याचे दुप्पट गुण काढून टाकले होते. 'पाहणीचा महिना' असा एक रकाना वाढवला होता. आणि तळाशी, स्वतःच्या सहीच्या वर, एक रिकामी रेघ: मागणी करणाऱ्याची सही. 'प्रथम पसंती पवना, मंजुरी असावी,' असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. रेघ कोरीच होती. शेजारी शेऱ्याच्या जागी वहिनींच्या गोल, शाळकरी अक्षरात दोन ओळी: "मी एकच जागा पाहिली आहे. तिन्ही पाहिल्याशिवाय सही करता येणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं.

"नियमाप्रमाणे बरोबर आहे, बाई," ते म्हणाले.

"मग आता?"

"आता काय. टेम्पोवाल्याला सांगतो."